रांगेतली घागर

"पोराला तोंड हाय का न्हाय?" असं एका म्हातारीनं भर बैठकीत विचारलं व्हतं. आमच्या मच्छिंद्रासाठी मुलगी बघाया गेल्तो आमी. मुलीचा बाप म्हणला, पोरगा काय करतो? म्या म्हणलं, दूध सोसायटीत माप घेतो. शिकला किती? म्या म्हणलं, बी.ए. झालाय, उमरग्याला. पोहे तिखट तर न्हाय ना झाले? त्यालाबी म्याच म्हणलं, न्हाय न्हाय, झकास हायेत. तवा ती म्हातारी कोपऱ्यातनं बोलली. आन् मी काय गप बसणार? म्या म्हणलं, "हाय की तोंड! बघा ना, पोहे खातोय." सोयरीक तिथंच मोडली.

मच्छिंद्र माझा धाकटा दीर. मी सारजाबाई, त्याची वहिनी. लग्न होऊन मुरुमजवळच्या ह्या गावात आले तवा घरात सासू नव्हती. चुलीमागं एक एवढंसं पोरगं बसून माझ्याकडं टकामका बघत व्हतं. नाव काय रं तुझं, विचारलं, तर बोलंना. मला वाटलं, मुकं हाय बिचारं. डोळ्यात पाणीच आलं माझ्या. मग संध्याकाळी धार काढाया गोठ्याकडं गेले, तर आतनं कोण तरी घडाघडा बोलतंय. वाकून बघितलं तर हेच बेणं म्हशीच्या गळ्यात हात टाकून सांगत व्हतं, "आज नवी वहिनी आली. लई बोलती."

आता सांगा, राग यील का न्हाय?

पण खरं व्हतं ते. मी बोलते. आन् त्याच्या वाटचंबी मलाच बोलावं लागलं. शाळेत नाव घालाया नेला, मास्तरांनी नाव विचारलं, ह्यानं माझ्याकडं बघितलं, म्या सांगितलं. ताप आला तर डॉक्टरला कुठं दुखतंय ते म्या सांगायचं, आन् गोळी बरोबर लागू पडायची. पुढं दूध सोसायटीत चिकटला तिथंबी तेच. काचेची नळी दुधात बुडवायची, दूध पातळ निघालं तर माणसाकडं नुसतं बघायचं. गावात टँकर आला की त्या दिवशी सगळ्या गावाचं दूध पातळ. लोक उलटे ह्याच्यावरच ओरडायचे, हा मुकाट उभा. मग मला निरोप यायचा आन् मी पदर खोचून जायची. सोसायटीचा चेअरमन म्हणायचा, पगार एकाला देतो, माणसं दोन येतात.

असलं हे पोरगं एक दिवस म्हणतंय, मला वकील व्हायचं.

म्हणजे मला न्हाय म्हणला हो! म्हशीला म्हणला. आमची म्हैस चांदी, तिच्या कानात. मी कुडामागं गवऱ्या रचत व्हते म्हणून कळलं.

झालं काय, सोसायटीचं दुधाचं एक कॅन चोरीला गेल्तं आन् मच्छिंद्राला साक्षीला उमरग्याच्या कोर्टात बोलावलं. समोरच्या वकिलानं विचारलं, कॅन तुम्ही शेवटचं कधी पाहिलं? ह्यानं मान वळवून मागच्या बाकावर माझ्याकडं बघितलं. मी उठून सांगितलं. जजसाहेबांनी मला बाहेर काढलं. कॅन गेलं ते गेलंच. पण तो वकील जे बोलला, काय बोलला म्हणता! हातवारे काय, आवाज चढवणं काय, मधीच गप होऊन सगळ्यांकडं बघणं काय. मच्छिंद्र आ करून ऐकत राहिला. येताना एस.टी.त त्याचे ओठ हलत व्हते. मला वाटलं देवाचं नाव घेतोय.

आमच्या मालकांना मी सांगितलं तर ते भाकरीचा तुकडा हातात धरून बघतच राहिले. म्हणले, "वकील? हा? आन् कोर्टात बोलणार कोण, तू?"

"बोलीन की!" म्या म्हणलं. "मला काय कोण भ्या घालतंय?"

"एकदा हाकललंय तुला तिथनं," मालक म्हणले. मग निवून म्हणले, कारखान्यावर त्याचं काम जमवलंय. उसाच्या गाड्या येतात त्या गेटावर पहारा करायचा. पाऊस पडल्यावर हजर व्हायचं. त्याच्या आत वकिलीच्या कॉलेजात नंबर लागला तर लागला, न्हाय तर गुमान कारखान्याचा डगला घालायचा, परत नाव काढायचं न्हाय. मालक एकदा बोलले की बोलले. मच्छिंद्र काहीच म्हणला न्हाय. संध्याकाळी चांदीला मात्र म्हणला, "गेटावर हुबा राहिलो तर जन्मभर हुबाच राहीन गं."

ते ऐकलं आन् मला लई वाईट वाटलं. म्या ठरवलं, नंबर लावायचाच. कसा न्हाय लागत बघते.

पण कॉलेजानं नेमकं त्याच साली नवं खूळ काढलं. कॉलेजाचं नाव म्या घेणार न्हाय, आमच्याकडची पोरं अजून तिथं जातात. आधी नुसत्या मार्कांवर घ्यायचे. आता म्हणे प्रवेश परीक्षा. पहिल्या दिवशी लेखी, दुसऱ्या दिवशी तोंडी. तोंडी! आमच्या घरात ह्या एका शब्दानं सुतक पडल्यागत झालं.

आता हितं मला पाण्याचं सांगावं लागतंय. शहाऐंशी सालचा उन्हाळा तो. विहिरींचे तळ दिसत व्हते. दिवसाआड टँकर यायचा, तो कधी यील ते ड्रायव्हरलाबी ठाऊक नसायचं. उन्हात कोण किती उभं राहील? म्हणून आमच्या गावात रीतच पडली, की बाईनं रांगेत घागर ठेवायची आन् आपल्या कामाला जायचं. घागर हाय म्हणजे बाई हाय. घागरीला कोणी हात लावायचा न्हाय, सरकवायची न्हाय, मधी घुसवायची न्हाय. जी सरकवील तिची घागर शेवटाला. टँकर आला की ड्रायव्हर भोंगा वाजवायचा, सगळ्या पळत यायच्या आन् आपापल्या घागरीमागं उभ्या. ह्या रांगेची मालकीण शांताक्का. सरहद्दीपलीकडची, कानडी मुलखातली, सगळ्यांना 'तंगी' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. पण घागर सरकवली की तंगीच्या पाठीत धपाटा. तिच्या रांगेत माझंसुद्धा काही चालायचं न्हाय, मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

तर मच्छिंद्राची तयारी आमी त्या रांगेत सुरू केली. शांताक्काचीच अक्कल ती. म्हणली, "तंगी, वकील म्हणजे भांडणारा. आपल्यासारखी शाळा कुठं मिळंल त्याला?" त्याला मधी उभा करायचा आन् आमी दोघींनी त्याच्यापुढं भांडायचं. माझी घागर पुढं का तिची, ह्यानं निवाडा द्यायचा. पहिल्या दिवशी आमी इतकं भांडलो की खरंच भांडलो. तिनं माझी आई काढली, म्या तिचा गाव काढला. निवाडा मागितला तर मच्छिंद्र म्हणला, "हं."

"हं काय? कोणाचं हं?"

"दोघींचं," म्हणला आन् सायकल घेऊन सटकला. शांताक्का म्हणली, हा वकील न्हाय, हा जज होईल.

वाचायचं मात्र त्यानं सोडलं न्हाय. उमरग्याच्या एका वकिलाकडनं जुनं कायद्याचं पुस्तक आणलं व्हतं, पानं सुटलेलं. त्यातली कलमं पाठ करायची, आन् कुठं? गोठ्यात. धार काढता काढता चांदीच्या पाठीवर थापटायचं, जीभ टाळूला लावून च्यक च्यक करायचं, "हां हां, उभी ऱ्हा बाय" म्हणायचं, आन् पुढं चालू. "कलम तीनशे अठ्ठ्याहत्तर. चोरी." काय वाणी व्हती त्याची गोठ्यात! आवाज चढायचा, उतरायचा, मधीच गप व्हायचा. त्या कोर्टातल्या वकिलाला पाणी पाजलं असतं. पर माणसाची सावली दारात पडली की तोंडाला कुलूप.

आन् त्या म्हशीलाबी सवय लागली. कलम म्हणल्याबिगर पान्हाच सोडंना. एकदा मच्छिंद्र मुरुमला गेल्ता, म्या धार काढाया बसले, तर थेंब न्हाय. आंबोण घातलं, थोपटलं, ओव्या म्हणल्या, शिव्या दिल्या. ढिम्म. शेवटी मालकांना पुस्तक घेऊन गोठ्यात उभं केलं. मालक चौथीपर्यंत शिकलेले, बोट ठेवून एक एक अक्षर वाचायचे. चांदीनं दिलं दूध, पण चोरीच्या कलमावर जेवढं दिलं तेवढं फसवणुकीच्या कलमावर दिलं न्हाय.

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आला. फॉर्म तिथंच जाऊन घ्यायचा, भरायचा, खिडकीवर द्यायचा, मग परीक्षेला बसायची चिठ्ठी मिळणार. आधी जाऊ म्हणलं तर टँकर, दूध, एकाचं लग्न, असं करता करता शेवटचाच दिवस उरला. मी बरोबर निघाले. खिडकीतल्या माणसाशी बोलणार कोण? आन् घागर घेतली. मालक म्हणले, कॉलेजात घागर कशाला? म्या म्हणलं, दुष्काळात बाई घागर सोडून कुठं जाती का? शहरात कुठं नळ दिसला तर भरून आणीन. आदल्याच दिवशी टँकरवर एका बाईशी माझं कडाक्याचं वाजलं व्हतं, घसा जरा खरखरत व्हता, तिकडं म्या ध्यान दिलं न्हाय.

पहिल्या गाडीनं गेलो तरी रांग पार फाटकापर्यंत. सगळी पोरंच पोरं, बेलबॉटमची, इस्त्रीची. मी एकटी बाई, डोक्यावर घागर. आमी सरकत सरकत पुढं आलो, आन् आमचा नंबर पहिला आला तेवढ्यात कारकुनानं खिडकी पाडली. जेवणाची सुट्टी, दुपारनं उघडीन.

ऊन असं तापलं व्हतं की फरशीवर पाय ठरंना. कॉलेजाच्या मागच्या अंगाला एक लिंबाचं झाड, झकास सावली. आता आमच्या गावच्या बाईनं काय केलं असतं? म्या घागर खिडकीपुढं ठेवली आन् मच्छिंद्राला म्हणलं, चल.

चार पावलं गेलो न्हाय तर मागं खण्णकन आवाज. एका उंच पोरानं पायानं घागर बाजूला सारली व्हती आन् स्वतः पुढं उभा!

पायानं! माझी घागर! पायानं!

मग मी काय बोलले ते सगळं सांगत न्हाय, लेकरंबाळं ऐकत असतील. म्या त्याला आमच्या रांगेची रीत सांगितली. शांताक्का सांगितली. त्याला पाणी पाजणाऱ्या त्याच्या आईची आठवण दिली. घागर म्हणजे बाई हाय, आन् तू बाईला पाय लावलास, म्हणलं. बाकीची पोरं जमली. कोण हसतंय, कोण म्हणतंय ही कुठली पद्धत, कोण म्हणतंय बाईंचं खरं हाय, आपणबी सावलीत जाऊ की. मी थांबायला तयार न्हाय. शेवटी तो उंच पोरगा कानाला हात लावून म्हणला, "मावशी, चुकलं. ठेवा घागर." आन् त्यानं तिच्यामागं आपली चप्पल काढून ठेवली.

मग काय विचारता! एकानं फाइल ठेवली, एकानं सायकलचा पंप, एकानं जेवणाचा डबा, कोणी विटेचा तुकडा. एका शहाण्यानं चष्मा काढून ठेवला, मग त्याला रांगच दिसंना, हात धरून सावलीत न्यावा लागला. मला असा अभिमान वाटला! म्हणलं, शांताक्काला सांगितलं पाहिजे, तुझा कायदा शहरात लागू झाला म्हणून.

लिंबाखाली गार वारं सुटलं व्हतं. पहाटेपासनं उठलेली माणसं. सगळ्यांचा डोळा लागला. एक चूक झाली ती मला मागनं कळली. टँकर आला की ड्रायव्हर भोंगा वाजवतो. कारकुनाला भोंगा नसतो.

उठून बघतो तर खिडकी बंद. अजून उघडायचीच हाय असं वाटून आमी आपलं उभे राहिलो. शिपाई झाडू घेऊन आला आन् म्हणला, आता काय? कारकूनसाहेबांनी खिडकी उघडली व्हती. बाहेर एक माणूस न्हाय, नुसता भंगारबाजार. वाट बघितली आन् केली बंद. फॉर्मची मुदत संपली, आता पुढच्या साली.

पुढच्या साली! मला तो कारखान्याचा डगला दिसला, त्यात हात वर करून गाड्या अडवणारा मच्छिंद्र.

सगळी पोरं माझ्याकडं वळली. "ह्या बाईमुळं! घागर घेऊन आली आन् वर्ष बुडवलं!" तोच उंच पोरगा, मघाशी मावशी म्हणणारा, तो सगळ्यात मोठ्यानं. म्या पदर खोचला. तोंड उघडलं.

आवाजच न्हाय!

परत उघडलं. नुसती हवा. घसा पार बसला व्हता. आदल्या दिवशीचं टँकर आन् दुपारचं भांडण, दोन्ही मिळून आवाज गेला. मी आपली मासळीगत तोंड उघडतेय आन् मिटतेय. पोरं ओरडतायत. म्या मच्छिंद्राकडं बघितलं, तर तो माझ्याकडं बघत व्हता. नेहमीसारखा. वहिनी आता बोलतील, म्हणून. म्या गळ्याला हात लावून नकार दिला. त्याला कळंना. परत लावला. मग त्याचं तोंड असं पांढरं पडलं, की मला मेल्याहून मेल्यागत झालं. सगळ्या जन्मात एकदा माझं बोलणं लागत व्हतं आन् नेमकी मी मुकी.

एक पोरगा म्हणला, "खेडवळ बाई, हिला रांगेतलं काय कळतं?"

मच्छिंद्रानं घागर उचलून माझ्या कडेवर दिली, माझा हात धरला आन् सरळ प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत शिरला. विचारून न्हाय, काही न्हाय. पोरं मागं खिडक्यांना चिकटली.

आत साहेब, जाडजूड, चष्मेवाले. बाजूला तो खिडकीचा कारकून, बशीतनं चहा पितोय. साहेब म्हणले, "काय पाहिजे?"

मच्छिंद्र उभा. गप. साहेबांनी परत विचारलं. गप. म्या मनात म्हणलं, संपलं. तेवढ्यात त्याचा हात पुढं झाला आन् त्यानं साहेबांच्या टेबलावर थापटलं. हळू, दोनदा. मग च्यक च्यक केलं. म्हणला, "हां हां. उभी ऱ्हा बाय."

साहेब म्हणले, "कोणाला उभी राहा म्हणताय?"

म्या डोळेच मिटले. देवा, म्हणलं, धरणी फाटूं दे. पण एकदा थापटल्यावर त्याला थांबायचं ठाऊकच नव्हतं. वाणी सुटली! गोठ्यातली, जशीच्या तशी. म्हणला, "साहेब, तुमचा माणूस सांगतो, रांगेत कोण नव्हतं. रांग तर व्हती! घागर व्हती, चप्पल व्हती, डबा व्हता. च्यक. साहेब, एस.टी. लागली की खिडकीतनं आपण रुमाल टाकतो. जागा कोणाची?"

"रुमालवाल्याची," कारकून बशी खाली ठेवत म्हणला. "त्यात काय विचारायचं? काल एक जण माझ्या रुमालावर बसला व्हता, कॉलर धरून उठवला त्याला."

"हां, शाणी गं माझी," मच्छिंद्र कारकुनाला म्हणला. "मग साहेब, हातभर रुमालाला जागा मिळती आन् पितळेच्या घागरीला मिळत न्हाय? रुमाल तरी वाऱ्यानं उडतो. घागर जागची हलली न्हाय!"

खिडकीतनं पोरांनी टाळ्या पिटल्या. कारकून चहा सोडून साहेबांच्या तोंडाकडं बघाया लागला. साहेब मात्र पक्के. चष्मा काढला, पुसला आन् म्हणले, "ठीक. घागर म्हणजे माणूस, मानलं. ही घागर कोणाची?"

"वहिनींची."

"मग पहिला नंबर तुमच्या वहिनींचा झाला. फॉर्म त्यांना देतो. वकील त्या होतील. तुमचा काय संबंध?"

झालं! मला तर वाटलं, अडकला. आन् सांगते, मला फॉर्म चालला असता, पण मला सही करता येत न्हाय.

मच्छिंद्राचा हात टेबलावर थापटायचा थांबला. तो साहेबांकडं बघत व्हता, सरळ, माणसाकडं बघावं तसा. च्यक न्हाय, बाय न्हाय. हळूच म्हणला, "साहेब, घागर वहिनींचीच. पण ती कोणासाठी ठेवली ते बघा ना. मी सात वर्षांचा असल्यापासनं जिथं मला बोलायचं व्हतं तिथं ह्या उभ्या राहिल्या. शाळेत, दवाखान्यात, सोसायटीत, कोर्टात. लोक ह्यांना तोंडाळ म्हणले. माझी जागा धरून ठेवली व्हती हो त्यांनी. मलाच यायला उशीर झाला. आज आलोय, तर जागा द्या."

मी घागर घट्ट धरून उभी. डोळ्यातनं घळाघळा पाणी. आन् त्यातबी डोक्यात एकच, मेल्यानं मला भर साहेबांपुढं घागर म्हणलं! आवाज असता तर तिथंच कान उपटला असता.

साहेबांनी चष्मा परत चढवला. मग कारकुनाला म्हणले, "उघडा खिडकी."

कारकुनानं खिडकी उघडली आन् रांगेप्रमाणं पुकारा सुरू केला. "घागर!" मच्छिंद्र पुढं झाला. "चप्पल!" उंच पोरगा आला. "डबा! पंप! वीट! चष्मा! अहो चष्मा, इकडं, भिंतीकडं कुठं चाललात?"

दुसऱ्या दिवशी लेखी झाली, तिसऱ्या दिवशी तोंडी. तोंडीला मी दाराबाहेर बसले व्हते. आतनं टेबलावर थापटल्याचा आवाज आला, म्या कपाळावर हात मारून घेतला. पण मागनं हसल्याचाबी आवाज आला. तिथनं निघताना म्या कॉलेजाच्या नळावर घागर भरून घेतली, गावापर्यंत मांडीवर आणली.

पाऊस पडला. कारखान्याचा निरोप आला आन् त्याच आठवड्यात कॉलेजाची यादीबी लागली. मच्छिंद्राचं नाव यादीत व्हतं. मालकांनी निरोप्याला चहा पाजला आन् सांगितलं, डगला दुसऱ्याला शिवा.

तो निघाला त्या दिवशी मी एस.टी.पर्यंत गेल्ते. तोवर माझा घसा बरा झाल्ता, आवाज पहिल्यासारखा खणखणीत. कंडक्टर दारात उभा राहून म्हणला, "कुठं?" माझं तोंड उघडलं. सवयीनं. तेवढ्यात मच्छिंद्रानंच गावाचं नाव सांगितलं, मोठ्यानं, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं. मग माझ्याकडं बघून हसला. म्या तोंड मिटून घेतलं. गाडी गेली.

घरी आले तर चांदी हंबरत व्हती. पुस्तक तो घेऊन गेल्ता, आन् धार तर काढायला पाहिजे. मी खाली बसले, पाठीवर थापटलं, च्यक च्यक केलं. एवढे महिने कुडामागनं ऐकत व्हते, मला सगळं पाठ झाल्तं. म्हणलं, "हां बाय, उभी ऱ्हा. कलम तीनशे अठ्ठ्याहत्तर. चोरी." चांदीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आन् पान्हा सोडला. मी तिला म्हणलं, "आज मच्छिंद्र गेला. लई बोलतो आता."